उसना घाम

कांचन कोरेला लग्नानंतर बावीस वर्षांनी सवत मिळाली, आणि तीही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून. निदान कांचनचं म्हणणं तसं होतं. तिचा नवरा शैलेश यावर हसायचा, आणि तो हसला की तिच्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

शैलेश सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसायचा. ‘बसायचा’ या एका शब्दात त्याचं अर्धं आयुष्य आलं. सकाळी गादीवर, दुपारी सौद्यात, संध्याकाळी पुन्हा गादीवर, आणि आल्यागेल्याबरोबर चहा. पस्तिशीत मधुमेह झाला. पन्नाशीच्या आत तो डोळ्यांपर्यंत पोचला, आणि आता उजव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. सर्जननं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की काळेपणा वर सरकला तर पाऊल काढावं लागेल.

इतक्या वर्षांत कांचननं काय करायचं बाकी ठेवलं होतं? त्याची भाकरी ती काट्यावर तोलून वाढायची. कारल्याचे इतके प्रकार तिला येत की शेजारच्या बायका खिडक्या लावून घेत. साखर आणि गूळ तिनं घरातून हद्दपार केले होते. दिवाळीत कुणाकडून फराळ आला तर तो उंबऱ्याच्या आत न येता पुढच्या घरी जाई. पेठेतून पेढा खाऊन आलेला नवरा तिला जिन्यातल्या त्याच्या पावलांवरून ओळखू यायचा. एवढं करून साखर थोडी उतरायची आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायची.

मग मिरजेबाहेरच्या विद्यापीठाच्या चयापचय संशोधन केंद्रानं शैलेशला प्रयोगासाठी निवडलं. तिथले डॉक्टर इरफान मुजावर वर्गात शिकवल्यासारखे समजावून सांगत.

“स्नायू म्हणजे नुसते हमाल नव्हेत, वहिनी. ते बोलतात. आपण पळतो, चढ चढतो, तेव्हा स्नायू रक्तात अतिसूक्ष्म पुड्या सोडतात. चरबीच्या पापुद्र्याची पुडी, आत प्रथिनं आणि जनुकीय मजकुराचे तुकडे. ती यकृताकडे जाते, चरबीकडे जाते, स्वादुपिंडाकडे जाते आणि निरोप पोचवते. व्यायामानं माणूस सुधारतो तो बराचसा या निरोपांमुळे. शैलेशरावांचे स्नायू मुके झालेत. ते चालले तरी पुड्या सुटत नाहीत. म्हणून आम्ही दुसऱ्याच्या उसन्या घेतो.”

पद्धत सरळ होती. पलीकडच्या खोलीत दाता जागेवरची सायकल चालवायचा. त्याचं रक्त एका यंत्रातून फिरायचं. यंत्र पुड्या तेवढ्या गाळून घ्यायचं आणि रक्त परत द्यायचं. पुड्या तासाभरातच निकामी होत, म्हणून अलीकडच्या खोलीत रुग्ण सलाईनची सुई टोचून तयारच असायचा. अडचण एकच होती. कुणाच्याही पुड्या कुणालाही चालत नाहीत. पुडीवरच्या खुणा समोरच्या पेशींनी ओळखाव्या लागतात, आणि अशी जोडी शोधता शोधता नाकी नऊ येतात.

“मग माझ्या घ्या की,” कांचन लगेच म्हणाली.

तिनं रक्त दिलं, सायकल मारून दाखवली, धापा टाकल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मान हलवली. “तुमचे स्नायू बोलतात, वहिनी, चांगले बोलतात. पण यांच्या शरीराला ती बोली कळत नाही.”

डॉक्टर आपलं शास्त्र सांगत होते. कांचनला मात्र ते वाक्य काळजात घुसल्यासारखं झालं. बावीस वर्षं ज्याच्या ताटात काय पडतं ते तिनं ठरवलं, त्याच्या शरीराला तिची बोली कळत नव्हती!

बोली कळणारी सापडली. नाव सांगायचं नाही असा केंद्राचा नियम होता, पण डॉक्टरांच्या तोंडून “ती येते मंगळवारी आणि शुक्रवारी” एवढं निसटलं, आणि ती बाई आहे हे कांचनला कळलं.

शैलेशला गुण यायला लागला, आणि तोही असा झपाट्यानं, की कांचनला देवाचे आभार मानावेत की देवाशी भांडावं ते कळेना. साखर उतरली आणि उतरलेली राहिली. इन्शुलिन निम्म्यावर आलं. जखमेच्या कडेला गुलाबी मांस दिसायला लागलं. सकाळी अंथरुणातून उठताना कण्हणारा माणूस शीळ घालत उठायला लागला.

“अगं, अंग कसं मोकळं वाटतंय,” एका शुक्रवारी तो परतताना म्हणाला. “डोंगर चढून आल्यासारखं. आज तिनं जोरात हाणली असणार.”

“कुणी?”

“ती गं. सायकलवाली.”

नंतर हे नेहमीचंच झालं. अंग जड वाटलं तर म्हणायचा, “आज तिला बरं नव्हतं वाटतं.” भूक लागली तर म्हणायचा, “तिची भूक मला लागली.” आणि एकदा जेवता जेवता, हातातला घास तसाच ठेवून त्यानं विचारलं, “दिसायला कशी असेल गं?”

कांचननं कारल्याची भाजी त्याच्या ताटात अशी वाढली की डाव भांड्यावर वाजला. मत्सर म्हणजे काय हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. यार्डातल्या कुठल्या बाईशी तो बोलला तरी तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण ही बाई त्याच्या रक्तात होती. तिचे निरोप त्याच्या काळजापर्यंत जात होते. कुठं शोधायची तिची खूण, शर्टावर की फोनमध्ये? आणि भांडायचं तरी कशावरून? हिच्यामुळे नवऱ्याचा पाय वाचतोय म्हणून?

तिला बघायचंच असं कांचननं ठरवलं. ते अवघडही नव्हतं. पलीकडच्या खोलीला दार एकच होतं आणि ते केंद्राच्या चहाच्या टपरीसमोर उघडायचं. शैलेशला सलाईन लावून दिल्यावर ती टपरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं दार उघडलं आणि बुटकी, काळीसावळी, चाळिशीकडे झुकलेली एक बाई बाहेर आली. पिंडऱ्या पहिलवानासारख्या, केस ओले, दातात फट. तिनं दोन प्लेट उप्पीट आणि चार चमचे साखरेचा चहा मागवला आणि बघता बघता संपवला. कांचन तिच्याकडे बघत राहिली. ही बाई चार चमचे साखर खात होती, आणि हिच्यामुळे शैलेशची साखर उतरत होती!

टपरीवाल्याकडून तिला बाकीचं कळलं. रेश्मा खोत, मिरजेत एका शाळेत पीटी शिकवते, एकेकाळी सायकल शर्यतीत राज्यापर्यंत गेली होती, एकटीच राहते.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी कांचन तिच्या दारात उभी होती. हातात डबा होता आणि डब्यात शेंगापोळ्या. गूळ तिनं कितीतरी वर्षांनी विकत आणला होता, आणि शैलेश यार्डातून यायच्या आत पोळ्या लाटून, ओटा पुसून, खिडक्या उघडून गुळाचा वास घालवला होता. आभार मानायला चाललोय असं ती स्वतःला सांगत होती. माणूस आपल्या मनाला किती सहज फसवतो!

तंतुवाद्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत रेश्माची एकच खोली होती. भिंतीला सायकल टेकवलेली.

“मी... तुम्ही ज्यांच्यासाठी सायकल चालवता ना, त्यांच्या घरची,” कांचन म्हणाली. “सांगायचं नसतं, माहिती आहे. पण राहवलं नाही.”

रेश्माला काय करू आणि काय नको असं झालं. “या की ताई, आत या! बसा. मला कुणी काय सांगतच नाय ओ. नुसतं मारायची आणि घरी यायचं. माझा पेशंट बराय का?”

“बरे आहेत.”

“बेस झालं! तुम्हाला सांगते ताई, हसू नका हां. शेवटी शेवटी पाय असे भरून येतात, वाटतं सोडून द्यावं. मग मी माझ्या पेशंटला मनातल्या मनात म्हणते, चल रे बाबा, एवढा घाट चढ माझ्यासंगं. आणि चढतोय बघा तो!”

माझा पेशंट. चल रे बाबा. कांचन स्वतः त्याला आजवर कधी अरे म्हणाली नव्हती. तिच्या कानशिलांत काहीतरी तापलं. तिनं डबा उघडला.

“घ्या. तुमच्यासाठी केल्यात.”

“अगंबाई, शेंगापोळी! पण आज नको ताई. उद्या मंगळवार. दोन दिवस आधी गोडधोड, तूप बंद असतंय आपलं. आणि आता सहानंतर तर पाणीच. खाल्लं की पुड्या बिघडतात म्हणं.”

बिघडतात म्हणजे चालत नाहीत, असं कांचननं समजून घेतलं. आणि तिच्या मनात आलं, नाही चालल्या तर नाही चालल्या एक दिवस. फक्त एक दिवस त्यांनी परतताना म्हणावं की आज काही मजा आली नाही. आज ती नव्हती माझ्यात. एवढंच. एवढंसुद्धा मागू नये का बायकोनं?

मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. कांचननं आग्रह सुरू केला, आणि तिच्या हाताखालून न जेवता उठलेला पाहुणा अजून जन्माला यायचा होता. एवढ्यानं काय होतंय? एवढ्या लांबून आले. एक तर घ्या. एक वाढू नये, दोन घ्या. तूप नाही तर पोळी घशाखाली कशी उतरायची? माझी शपथ आहे. तुम्ही खाल्ली नाही तर मी समजेन की तुम्हाला माझं येणं आवडलं नाही.

बिचारी रेश्मा. घाटात तिनं भल्याभल्यांना मागं टाकलं होतं, पण घरी चालून आलेल्या बाईच्या शपथेपुढं तिचं काही चालेना. तिनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि खूप वर्षांनी कुणी समोर बसून वाढत होतं म्हणून असेल, तिसरीही खाल्ली. तिचे डोळे भरून आले होते. कांचनला ते दिसलं आणि तिनं दुसरीकडे पाहिलं.

मंगळवारी सगळं नेहमीसारखं पार पडलं. रेश्माची सकाळची साखर व्यवस्थित होती, कारण निरोगी माणसाच्या रक्तात रात्रीच्या तीन पोळ्यांचा मागमूस राहत नाही. शैलेशला सलाईन लागली. दोघं गाडीत बसून निघाले. सांगलीच्या वाटेवर, विश्रामबागेच्या अलीकडे त्याच्या दंडावरची साखर मोजणारी टिकली किंचाळायला लागली.

“काय झालं हो?”

शैलेशनं उत्तर दिलं नाही. त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं. हात स्टिअरिंगवरून घसरले. चालकाची पकड सुटल्याचं ओळखून गाडी आपोआप कडेला होऊन थांबली. त्यानं कांचनकडे पाहिलं, पण ती कोण हे त्याला कळत नसावं.

साखर पडलीय हे तिला कळलं. गोड पाहिजे, आत्ता पाहिजे. तिनं पर्स उपडी केली, गाडीचा कप्पा उचकटला. एक गोळी नाही, एक बिस्किट नाही. कसं असेल? इतकी वर्षं त्याच्या आसपास गोडाचा कण राहू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जगली होती. ती दार उघडून धावत सुटली. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. कुणाच्या तरी हातातला ग्लास तिनं अक्षरशः हिसकावला, आणि परत येऊन आयुष्यभर त्याला ज्याचा वास घेऊ दिला नाही तो रस थोडा थोडा त्याच्या ओठांत घातला. अर्धा रस त्याच्या सदऱ्यावर सांडला. ती ओरडत होती, “गिळा! गिळा हो!” दुसऱ्या ग्लासानंतर त्यानं तिचं नाव घेतलं.

डॉक्टर मुजावरांना संध्याकाळपर्यंत उलगडा झाला, कारण रेश्मानं स्वतःहून जाऊन सांगितलं. “रात्री गोड खाल्लं. माझीच चूक.” कुणी खाऊ घातलं हे ती बोलली नाही.

“उपाशी स्नायू लिहितात की बाहेरून माल येत नाही, कोठारातला काढा,” डॉक्टर शैलेशला समजावत होते. “भरल्या पोटाचे स्नायू लिहितात की माल आलाय, दारं उघडा, रक्तातली साखर आत ओढा. आणि तुमचं पोट रिकामं, वर इन्शुलिन. तुमच्या शरीरानं निरोप इमानदारीनं पाळला. मरणाच्या दारातून आलात.”

कांचन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ऐकत होती. तिनं त्याच्या पायावरची चादर उगाच नीट केली.

केंद्राच्या समितीनं रेश्माला प्रयोगातून काढलं. दुसरी जोडी मिळेना. शैलेशची साखर जुन्या जागी येऊन बसली. गुलाबी कड पुन्हा राखाडी झाली आणि मग काळी. सर्जननं तपासलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख देऊन टाकली.

त्या संध्याकाळी शैलेश पलंगावर बसून आपल्या पावलाकडे बघत होता. कांचननं मलमपट्टीचं सामान खाली ठेवलं.

“तिला पोळ्या मी खाऊ घातल्या,” ती म्हणाली. “नको म्हणत होती ती. मीच शपथ घातली.”

त्यानं पाय सावकाश पलंगावर घेतला. मग म्हणाला, “मी मरावं म्हणून?”

“नाही हो! एक दिवस तुम्हाला बरं वाटू नये, एवढंच. तुम्ही सारखं ती, ती करत होता. मी तुमच्यासाठी एवढं केलं, त्याचं काही झालं नाही. आणि तिनं पाय हलवले की तुम्ही शीळ घालता. जळले मी. जळून खाक झाले.”

“अगं, मी गमतीनं म्हणत होतो,” शैलेश म्हणाला. “माझा पाय जातोय, कांचन.” आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सकाळी तिनं डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. ते इतके चिडले की खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “समितीशी मी भांडेन. पण ती यायला तयार पाहिजे. सर्जनची तारीख कळल्यावर मी कालच तिला फोन केला होता. ती म्हणाली, माझ्या हातून माणूस मरता मरता राहिला, मी आता सायकलला पाय लावणार नाही.”

कांचन दुसऱ्यांदा त्या खोलीच्या दारात गेली तेव्हा हात रिकामे होते. रेश्मानं तिला आत बोलावलं नाही.

“तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?” कांचननं विचारलं.

“कशाला सांगू? तोंड माझं, खाल्लं मी. तुम्हाला काय ठाऊक असणार?”

“ठाऊक होतं,” कांचन म्हणाली. “ते तसे पडतील हे नव्हतं ठाऊक. पण औषध लागू पडणार नाही असं वाटलं होतं, आणि तसंच व्हावं म्हणून मी वाढत होते.”

रेश्मा तिच्याकडे बघत राहिली. “मला वाटलं, किती माया करतीय बाई,” ती हळूच म्हणाली. “शेजारणीला पण सांगितलं मी.”

“मला शिव्या दे, हवं तर तोंडात मार,” कांचन म्हणाली. “पण ये. सोमवारी त्यांचं पाऊल काढणार आहेत.”

“येते,” रेश्मा म्हणाली. “पण तुम्ही त्या खोलीत येऊन बसायचं. मी काय करते ते बघायचं. मग जळा काय जळायचं ते.”

डॉक्टर समितीशी भांडले. सर्जननं तारीख पुढं ढकलली. केंद्रानं रेश्माला दोन दिवस आपल्याच पाहुणघरात ठेवून आपल्याच स्वयंपाक्याकडून जेवण दिलं. शुक्रवारी सकाळी शैलेश अलीकडच्या खोलीत सुई टोचून पडला होता, आणि कांचन पलीकडच्या खोलीत एका स्टुलावर बसली होती.

तिला वाटलं होतं तसलं तिथं काहीच नव्हतं. सुरुवातीला रेश्मा सहज पाय मारत होती. मग यंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञ मुलानं चढ वाढवला, आणखी वाढवला. दोन्ही दंडांतल्या नळ्यांमधून रक्त जात होतं, येत होतं. रेश्माचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेच्या रंगाचा. नाकातलं पाणी ओठांवर आलं तरी पुसायला हात मोकळा नव्हता. पिंडरीत गोळा आला तेव्हा ती जनावरासारखी ओरडली आणि तरी थांबली नाही. मांड्या थरथरत होत्या. खालच्या लादीवर घामाचं थारोळं झालं होतं.

“पुरे करायचं का?” तंत्रज्ञ मुलानं विचारलं. “पिशवी भरायला अजून थोडं हवंय.”

रेश्मानं मान हलवली, हो की नाही ते कळेना. तिचा वेग पडत चालला.

कांचन उठली. आपण हे क्षणभरही करू शकलो नसतो हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी ते आपल्याला करता यावं म्हणून तिचा जीव तळमळत होता. मत्सर गेला नव्हता. तो तिथंच होता, पण त्याला आता मागायला काही उरलं नव्हतं. तिनं पदरानं रेश्माचं नाक पुसलं, कपाळ पुसलं, डोळ्यांत उतरणारा घाम टिपला.

“मार, रेश्मा,” ती म्हणाली. “थोडंच राहिलंय. मार गं बाई.”

रेश्मानं दात आवळले आणि पिशवी भरेपर्यंत पाय मारले.

तासाभरानं शैलेशनं डोळे उघडले. त्याच्या गालावर रंग आला होता. कांचन पलंगाशेजारी बसली होती. त्या संध्याकाळपासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता, म्हणून त्यानं तोंड उघडलं तेव्हा ती दचकली.

“होतीस ना तू तिथं?” त्यानं विचारलं. “कशी आहे गं दिसायला?”

पदर अजून ओला होता. कांचननं तो मुठीत धरला.

“देखणी आहे,” ती म्हणाली. “फार देखणी आहे, मेली.” आणि मग तिला रडू फुटलं.